नवे शॉकअप बसवले, तरी टकटक थांबेना? आवाज शोधायची पायरी-पायरीची पद्धत

पावसाळा संपला की कोल्हापुरातल्या गॅरेजांपुढे शॉकअपच्या गाड्यांची रांग लागते. चार महिने खड्ड्यांतून गाडी हाणलेली असते, आणि रस्ते जरा सुधारतात न सुधारतात तोवर ऊसाच्या जोडट्रॉल्या सुरू होतात. शॉकअप गळतात, माउंटिंगचं (शॉकअपचं डोकं गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या भागाचं) रबर बसतं. मग पैसे घालून पुढचा नवा जोड टाकला जातो. गाडी ताब्यात येते, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुढून 'टक्क'! मालक म्हणतो, शॉकअप डुप्लिकेट निघाला. मिस्त्री म्हणतो, "नवीन हाय, बसंल की जरा फिरवल्यावर."

दोघंही बहुतेक वेळा चुकतात. नवा शॉकअप आतून खराब निघू शकतो, पण तसं क्वचित होतं. आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज गाडी फिरवून कधी बसत नाही, उलट वाढतो. आवाजाची मूळ ठिकाणं दोनच प्रकारची असतात. काम करताना ज्या नटाला, रबराला, ब्रॅकेटला हात लागला ती एक. आणि ज्या जुन्या भागाला त्याच वेळी हात लागायला हवा होता, पण हजार-दीड हजार वाचवायला तसाच ठेवला, ती दुसरी. शोध याच क्रमाने करायचा. शॉकअपवर संशय सगळ्यात शेवटी.

खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं घरासमोर, कुठलंही चाक न काढता करता येतं. उरलेलं गॅरेजमध्ये, पण काय बघायचं ते ठाऊक असलेलं बरं.

आधी एक प्रश्न: आवाज नवा की जुनाच?

काम करण्याआधी जो आवाज होता तोच, तसाच, त्याच जागी ऐकू येत असेल, तर दोष शॉकअपचा नव्हताच. लिंक रॉड (गाडीचं झुकणं आवरणाऱ्या आडव्या बारची जोडदांडी), लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा) रबरी बुश किंवा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) वाजत होता आणि बदलला गेला शॉकअप. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा वेळी फिटिंग उकरत बसण्यात अर्थ नाही. सरळ लिंक रॉडपासून सुरुवात करा.

गॅरेजमधून बाहेर पडल्या पडल्या नवा आवाज सुरू झाला असेल तर फिटिंगमध्येच काहीतरी राहिलं आहे. चार-आठ दिवस गाडी गप्प होती आणि मग वाजायला लागली असेल तर दोन शक्यता: एखादा नट पुरेसा आवळलेला नव्हता आणि तो हळूहळू सैल झाला, किंवा जुन्या माउंटिंगने मान टाकली.

ही दुसरी शक्यता लोकांना पटत नाही. "आधी माउंटिंग वाजत नव्हतं, मग आताच कसं?" कारण असं की जुना शॉकअप मेलेला होता. त्याचा दांडा फारसा प्रतिकार न करता आत-बाहेर व्हायचा, त्यामुळे वरच्या माउंटिंगला झटके कमी बसायचे. नवा शॉकअप कडक. खड्ड्यात चाक उसळलं की तो जोर दांड्यातून थेट माउंटिंगला जाऊन भिडतो. रबरात मिलिमीटरभर जरी ढिलाई असली तरी आता ती वाजते. म्हणून शॉकअपसोबत माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की झटका झेलणारं रबर) आणि धूळ अडवणारी रबरी पिशवी नवीन घालायला सांगावी. तीच मजुरी, एकाच खोलण्यात काम.

गाडी रिकामी करा

हसू नका. डिकीतला जॅक, टॉमी, स्टेपनीचा सैल नट, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, मागची पार्सल ट्रे, पुढची नंबर प्लेट यांनी कित्येकांना शॉकअप पुन्हा खोलायला लावले आहेत. सगळं बाहेर काढा. स्टेपनी हाताने हलवून बघा. बोनेटचं लॉक नीट बसलंय ना पाहा. टायरमध्ये दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच हवा भरा. ४० पीएसआय भरलेली गाडी प्रत्येक खड्डा दुप्पट मोठा करून सांगते. चाकाचे नटही आत्ताच तपासा. छोट्या गाड्यांत ते साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. घाईत एखादा राहून जातो, आणि तो राहणं आवाजापेक्षा कितीतरी धोक्याचं.

आवाजाला नाव द्या

मिस्त्रीला "पुढून काहीतरी वाजतंय" एवढंच सांगितलं तर तो अर्धा दिवस अंदाज बांधण्यात घालवतो. आवाज कसा आणि नेमका कधी, या दोन गोष्टी सांगता आल्या की शोध अर्ध्यावर येतो.

छोट्या-छोट्या खडबडीत रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, हळू जाताना हलकी 'टकटकटक' येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, दुसरा शॉकअपच्या वरच्या नटावर. मोठ्या स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच जड 'धप्प' येत असेल तर बंप स्टॉप राहिला असेल, किंवा स्प्रिंग थकून गाडी खाली बसली असेल. गाडी उभी ठेवून स्टीयरिंग फिरवताना 'टंग्ग' असा तार सुटल्यासारखा आवाज येत असेल तर स्प्रिंग आपल्या जागी बसलेली नाही किंवा वरचं बेअरिंग अडकतंय. 'कुईं-कुईं' किंवा 'करकर' म्हणजे रबर. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना एकदाच 'कट्ट' होत असेल तर नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या जाड लोखंडी भागाचे) मोठे बोल्ट किंवा लोअर आर्म. आणि वळताना चाकाच्या फेऱ्याबरोबर 'कट-कट-कट-कट' येत असेल, रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी, तर तो सस्पेन्शनचा आवाजच नव्हे. तो अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा. शॉकअप काढताना नकल जास्त बाहेर ओढला गेला की अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटू शकतं किंवा आतला जॉइंट ताणला जातो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले की समजा.

एक हलकं 'फुस्स' मात्र निरोगी शॉकअपमधूनही येतं. आतलं तेल व्हॉल्व्हच्या बारीक भोकांतून जाताना होणारा तो आवाज. काचा बंद केल्यावर ऐकू येत नसेल तर त्याचा पिच्छा सोडा.

उभ्या गाडीवरच्या चाचण्या

सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंच्या शॉकअपची डोकी इंजिनच्या कडेला दिसतात, वर प्लॅस्टिकची किंवा रबराची टोपी असते. काही गाड्यांत ती वायपरखालच्या जाळीआड दडलेली असतात, मग ती जाळी काढावी लागेल. टोपी काढा. एकाने गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात खाली दाबून सोडायचा, दुसऱ्याने माउंटिंगवर तळहात ठेवायचा. रबर थोडं दबणं साहजिक आहे. पण हाताला धातूचा टणका जाणवला, किंवा मधला दांडा माउंटिंगपासून वेगळा वरखाली होताना दिसला, तर चोर तिथेच सापडला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू करा. चांगली बाजू हाताला कळली की वाईट आपोआप कळते.

नंतर इंजिन चालू करून एकाने स्टीयरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून टॉर्च मारून स्प्रिंगकडे बघायचं. स्प्रिंग स्टीयरिंगबरोबर सलग फिरली पाहिजे. ती थोडा वेळ अडून मग एकदम उडी मारत असेल आणि त्याच क्षणी 'टंग्ग' होत असेल, तर बेअरिंग. बोटाने आवाजाचा कंप तपासायचाच असेल तर स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवा. दोन वेढ्यांच्या मधे बोट कधीही घालू नका.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात जी गाडी पाण्यात उभी होती तिच्या बाबतीत या बेअरिंगवर आधीच संशय घ्यावा. त्याचं सील धुळीसाठी असतं, पुराच्या गाळासाठी नसतं.

तिसरी चाचणी: इंजिन बंद, किल्ली फक्त स्टीयरिंग मोकळं होईल इतकी फिरवलेली. स्टीयरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे पटापट हलवा. खालून 'टक-टक' आली तर टाय रॉड एंड किंवा स्टीयरिंग रॅक, म्हणजे स्टीयरिंगला चाकांशी जोडणारे भाग. त्याचा शॉकअपशी संबंध नाही, पण दोन्ही आवाज गाडीत बसलेल्याला सारखेच ऐकू येतात.

रस्त्यावर ऐकणं

आवाज ऐकायला हायवेवर जाऊ नका. वारा आणि टायरचा आवाज सगळं खाऊन टाकतो. त्यापेक्षा शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतला एखादा दोन्हीकडे भिंती असलेला अरुंद बोळ सकाळी सहाला गाठा. काचा खाली, रेडिओ आणि एसी बंद, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये १५ ते २० किलोमीटर वेग. शेजारच्या भिंतीवरून परत येणारा आवाज गाडीतल्या आवाजापेक्षा खूप स्वच्छ असतो, आणि भिंत एका बाजूलाच असेल तर डावं-उजवंही कळतं. नुसत्या कानावर विसंबलात तर फसाल, कारण पत्रा आवाज वाहून नेतो आणि उजवीकडचा टणका डाव्या पायाजवळ ऐकू येतो.

आता एकेक बदल करून बघा. फक्त डावं चाक खड्ड्यात घाला, मग फक्त उजवं, मग दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर. एका चाकाच्या खड्ड्यात वाजतं पण दोन्ही चाकं एकत्र उचलली की वाजत नाही, असं असेल तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंना जोडून झुकणं आवरणारा आडवा बार), त्याचे बुश किंवा लिंक रॉड. कारण सरळ आहे: दोन्ही चाकं सारखी वर गेली की बारला पीळ पडत नाही. दोन्ही प्रकारांत वाजत असेल तर माउंटिंग, स्प्रिंग, शॉकअपचे बोल्ट.

मग तोच खडबडीत तुकडा ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून पार करा. आवाज गायब झाला तर सस्पेन्शन सोडा, ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची पिन बघा. काम करताना ब्रेकची पाइप शॉकअपवरच्या ब्रॅकेटमधून काढलेली असते. ते ब्रॅकेट परत लावलं गेलं नाही तर पाइप लोंबते आणि वाजते. टायरला घासून ती फुटली तर मग प्रश्न आवाजाचा उरत नाही. एबीएसच्या वायरच्या क्लिपचंही हेच.

पन्हाळ्याच्या चढावर किंवा आंबा घाटात आवाज येतो आणि गावात येत नाही असं सांगणारे भेटतात. ते वळणांमुळे. लांब वळणात वजन एका बाजूला झुकतं, तेव्हा बाहेरच्या चाकाचं माउंटिंग आणि लोअर आर्मचा मागचा बुश दाबला जातो. डाव्या वळणात आवाज येत असेल तर उजवी बाजू आधी तपासा.

वरचा नट

आता गॅरेजचं काम. आणि इथे जरा थांबायला हवं, कारण शॉकअप बदलल्यानंतरच्या आवाजात सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघतो तो हा दांड्याच्या टोकाचा एकुलता एक नट.

नट आवळायला लागलं की शॉकअपचा दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. तो फिरू नये म्हणून दांड्याच्या टोकाला एलन कीची षटकोनी खाच किंवा दोन सपाट बाजू दिलेल्या असतात. एलन कीने दांडा धरायचा आणि रिंग पान्याने किंवा आरपार सॉकेटने नट आवळायचा, अशी रीत. पण घाईत हवेची इम्पॅक्ट गन लावतात. 'टर्रर्र' झालं की मिस्त्रीला वाटतं बसला. प्रत्यक्षात नटमधल्या नायलॉनच्या कड्याने दांडा पकडलेला असतो, दोघं एकत्र गरगरलेले असतात, आणि खाली वॉशर अजून मोकळाच असतो. गनवर जोर लागला, पण तो नट घट्ट होण्यात गेला नाही. वर दांडा असा वेगाने गरगरवणं आतल्या सीलला आणि पिस्टनलाही चांगलं नाही.

याहून वाईट म्हणजे दांडा वाइस ग्रिपने किंवा पक्कडीने धरणं. दांड्यावरच्या गुळगुळीत क्रोमवर ओरखडा पडला की दर झटक्याला तो तेलाच्या सीलवर कानशीसारखा घासतो. काही महिन्यांत नवा शॉकअप गळू लागतो, आणि दुकानदार दांड्यावरच्या खुणा दाखवून हात वर करतो.

नट आवळण्याचा आकडा गाडीगणिक वेगळा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ४० ते ७० न्यूटन मीटरच्या आसपास पडतो. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. नायलॉनचा नट जुना असेल तर नवा लावा, ते कडं एकदा वापरलं की पकड सोडतं. काही गाड्यांत या नटाला नेहमीचा सॉकेट लागत नाही, खाचा असलेला लागतो. उद्यमनगरात लेथवाल्याकडे नमुना घेऊन गेलात तर तसा सॉकेट करून घेता येतो, आणि छिन्नी-हातोडीने नट ठोकण्यापेक्षा तो खर्च परवडतो.

नट घट्ट आहे तरी दांडा हलतोय? मग वॉशरचा क्रम बघा. बशीसारख्या वॉशरची कोणती बाजू वर, मधला स्पेसर बसवलाय का, बेअरिंग उलटं तर नाही ना. यातला एखादा तुकडा कमी पडला की नट दांड्याच्या आट्यांच्या शेवटी जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण माउंटिंग दाबलं जात नाही.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. हा नट गाडी चाकांवर उभी असताना आवळून बघायला हरकत नाही. पण स्ट्रट (स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप) गाडीतून काढल्यावर, किंवा चाकं अधांतरी असताना, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लावल्याशिवाय तो कधीही सैल करायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला तोच एकटा रोखून धरत असतो. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर नसेल आणि "दोरीने बांधतो की" असं कुणी म्हणालं, तर गाडी घेऊन निघा.

स्प्रिंग, आणि तिचं शेपूट

स्प्रिंग ज्या खालच्या बशीत बसते तिला एक पायरी असते. स्प्रिंगचं खालचं टोक त्या पायरीला जवळजवळ टेकून बसलं पाहिजे. ते पायरीवर चढलेलं किंवा खूप मागे राहिलेलं असेल तर स्टीयरिंग फिरवताना स्प्रिंग सरकते आणि वाजते. वरची आणि खालची रबरी गादी आहे का, तेही बघा. जुनी फाटली म्हणून फेकून दिली आणि नवी आणली नाही, असं सर्रास होतं.

स्प्रिंगचा शेवटचा अर्धा वेढा टॉर्चने नीट पाहा. गंजून तिथलं टोक तुटतं आणि तुटकी कड बशीत दडून राहते. उंची फारशी कमी होत नाही म्हणून लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंना जमिनीपासून चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात लक्षात येण्याजोगा फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय गाडी सोडू नका.

लिंक रॉड

हातभर लांबीचा हा स्वस्त भाग. दोन्ही टोकांना छोटा बॉल जॉइंट. बऱ्याच गाड्यांत त्याचं वरचं टोक शॉकअपलाच जोडलेलं असतं, म्हणजे शॉकअप बदलताना ते खोलावंच लागतं. इथेही तीच अडचण: नट फिरवला की बॉलची पिनही फिरते, आणि एलन कीने ती धरली नाही तर नट अर्धवट राहतो.

तपासताना एक चूक सगळे करतात. एका बाजूला जॅक लावून, एकच चाक वर उचलून लिंक हलवतात. तेव्हा बारला पीळ पडलेला असतो, त्या ताणात सैल जॉइंटही घट्ट लागतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत: दोन्ही जमिनीवर, नाहीतर दोन्ही अधांतरी. मग लिंक मुठीत धरून जोरात हलवा. कटकट हाताला जाणवते.

खात्री होत नसेल तर दोन्ही बाजूंचे लिंक काढून ठेवा आणि तोच बोळ पुन्हा १५ च्या वेगाने पार करा. आवाज गेला तर निकाल लागला. लिंक नसताना गाडी वळणात जास्त झुकते, म्हणून ही फेरी सपाट गल्लीपुरतीच. मोकळा झालेला बार अ‍ॅक्सलच्या बूटला किंवा ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना, हे आधी बघून घ्या.

बुश आवळायची वेळ

शॉकअपबरोबर लोअर आर्म किंवा त्याचे बुशही बदलले असतील तर हे वाचाच. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळतं, आणि गाडी जमिनीवर उभी असताना ते मधोमध, बिनपिळाचं असायला हवं. पण दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं खाली लोंबत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला की गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. आधी कुरकुर, मग काही महिन्यांत रबर फाटून ठोका.

उपाय फुकटचा आहे. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चारदा दाबायची, मग आवळायचे. शॉकअप बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करायचीच असते, कारण नकलचे बोल्ट सुटले की चाकाचा कोन थोडा तरी हलतो. तर अलाइनमेंटच्या रॅम्पवर, चाकं टेकलेली असताना, आधी बुशचे बोल्ट सैल करून परत आवळून घ्या आणि मग कोन जुळवा. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंटचे पैसे वाया.

कुरकुर नेमकी कोणत्या बुशची, हे शोधायला साबणाचं पाणी पुरतं. एका वेळी एकाच बुशवर फवारा, गाडी दाबून बघा. ज्याच्यावर आवाज थांबला तो धरा. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल आणि काळं ऑइल फवारून घ्यायची जी चाल आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर आहे, ती मात्र बुशचा जीव घेते. गंजाला आवर बसत असेलही, पण साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

नकलचे दोन बोल्ट

थोडक्यात पण गांभीर्याने: शॉकअपचा खालचा भाग नकलला दोन जाड बोल्टांनी जोडलेला असतो. ब्रेकला 'कट्ट' होत असेल, किंवा स्टीयरिंग अचानक एका बाजूला ओढायला लागलं असेल, तर हे बोल्ट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासून होईपर्यंत गाडी चालवू नका.

तपासलेल्या प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. आठवड्याने टॉर्च मारून बघितलं की कोण हलला ते रेघ तुटलेली सांगते. गाडी वर असताना फक्त जॅकवर विसंबून खाली शिरू नका. घोडी (गाडीखाली टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकाला दगड द्या.

मागचे शॉकअप

छोट्या गाड्यांत मागे बहुधा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, त्यामुळे तपासायला जागा कमी. वरच्या टोकाला पत्र्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन रबर असतील तर दोन्ही आहेत का पाहा; एकच टाकून नट आवळलेला आढळतो. खालच्या डोळ्यातला बुशही गाडी चाकांवर असतानाच आवळायचा. मागे आवाज ऐकायला कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा. त्याआधी सीटच्या पाठीचं लॉक कापडाची घडी घालून दाबून बघा, कारण मागच्या 'टकटक'मधली मोठी वाटणी त्या लॉकची असते. सायलेन्सरची रबरं हलवून बघायला मिनिटही लागत नाही.

आणि शेवटी, शॉकअप स्वतः

इतकं सगळं तपासून झालं आणि आवाज अजून आहेच, तर आता शॉकअप.

दुकानात शॉकअप आडवे पडलेले असतात. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय बसवला तर प्रत्येक झटक्याला दांडा थोडं अंतर पोकळ जाऊन मग तेलाला भिडतो: 'चक, चक'. बसवण्याआधी शॉकअप सरळ उभा धरून दांडा पूर्ण बाहेर काढायचा, मग उलटा करून पूर्ण आत दाबायचा, पुन्हा सरळ करून बाहेर. असं चार-पाच वेळा. हे केलं नसेल तर काही दिवस चालवल्यावर हवा आपोआप निघून आवाज विरतो. 'बसंल की' म्हणणारा मिस्त्री खरा ठरतो तो या एकाच बाबतीत. एकाच नळीच्या गॅस शॉकअपला याची गरज नसते.

डबा शोधा आणि त्यावरचा पार्ट नंबर आपल्या गाडीच्या मॉडेलशी, वर्षाशी, पेट्रोल-डिझेलशी जुळवा. डिझेल इंजिन जड, त्याचा शॉकअप बऱ्याचदा वेगळा. पुढचे डावे-उजवे अदलाबदल झाले असतील तर ब्रेक पाइपचं ब्रॅकेट भलत्या बाजूला येतं, ते नुसतं पाहूनही कळतं. एक बाजू गॅसची आणि दुसरी तेलाची असं बसवलेलं असेल तर गाडी दोन बाजूंनी वेगवेगळी वागणारच.

काढलेला शॉकअप हाताने दाबून-ओढून बघा. संपूर्ण लांबीत प्रतिकार सारखा लागला पाहिजे. मध्येच पोकळी लागली, आत टणका झाला, किंवा सीलभोवती ओलं तेल दिसलं, तर तो खराब आहे आणि बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. बिल, डबा आणि हाताने दाबतानाचा व्हिडिओ घेऊन दुकानात जा. बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घेतलेली असेल तर बोलणं लवकर आटपतं. एकच खराब निघाला तर वॉरंटीत एकच मिळेल, आणि तो दुसऱ्याइतकाच नवा असल्याने चालेलही. पण दुसरा वर्षभर वापरलेला असेल तर दोन्ही बाजूंना नवा जोडच घ्या, आणि त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल, तो खर्च आधीच ठरवून ठेवा.